वाया गेलेला कागद

मैत्रिणींनो, हळदीचा डाग आपल्याला काही नवा नाही. लग्नकार्यात साडीवर हळद सांडली की आपण घाईघाईने साबण लावतो आणि पिवळा डाग बघता बघता लाल होऊन बसतो. मग कोणीतरी वडीलधारी बाई म्हणते, "घासत बसू नकोस गं, उन्हात टाक, जाईल आपोआप." आणि खरेच, एकदोन दिवसांच्या उन्हात डाग फिका पडतो. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. पण साबणाने लाल होणे आणि उन्हाने उडणे या दोन गोष्टींवर चक्क फोटो काढता येतो, हे गेल्या मे महिन्यात मुलांना शिकवता शिकवता मीच शिकले. त्या पाच दिवसांत आणखीही एक गोष्ट शिकले. ती सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगणार आहे.

मी तुमच्यासारखीच घर सांभाळणारी. इतिहास घेऊन बी. ए. केले आणि आता गावातल्या एका माध्यमिक शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. फोटोंशी नाते आहे ते माहेरचे. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ होता. जिन्याखाली डार्करूम. लाल दिवा, तीन ट्रे आणि हायपोचा तो आंबूस वास. कोऱ्या कागदावर डेव्हलपरमध्ये आधी केस, मग भुवया, मग सगळा चेहरा उमटत जायचा. ते बघण्यासाठी मी खेळ सोडून आत जाऊन उभी राहायची.

मी अकरा वर्षांची असेन, म्हणजे २००० सालची गोष्ट. अण्णा बाहेर गेलेले बघून मी ब्रोमाइड पेपरचे नवे पाकीट उघडले. या कागदात असे काय आहे ते मला बघायचे होते. बघायचे म्हणून ते दारात, भर उजेडात नेले. शंभर कागदांचे पाकीट! एकाही कागदाचा उपयोग राहिला नाही. अण्णांनी मारले नाही. एवढेच म्हणाले, "उद्यापासून तू आत यायचं नाहीस." भाऊ आत जायचा, मी दाराबाहेर. पुढे दोन वर्षांनी भाऊ शिक्षणासाठी हॉस्टेलवर गेला आणि मदतीला कोणी उरले नाही, तेव्हा मला परत आत घेतले. नंतर डिजिटल कॅमेरे आले आणि स्टुडिओच बंद झाला.

असो. आमच्या गावात एका जुन्या वाड्यात छोटेसे वस्तुसंग्रहालय आहे. तांब्यापितळेची भांडी, अडकित्ते, समया, दौती, चार-दोन तलवारी. तिथले व्यवस्थापक यांच्या ओळखीचे. ते एके दिवशी घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, सुट्टीत मोठ्या मुलांसाठी काहीतरी करायचंय. फोटोग्राफीचं शिबिर घ्याल?"

मी हसलेच. "अहो, तुमच्या दारावरच तर पाटी आहे, फोटो काढण्यास सक्त मनाई!"

"म्हणून तर म्हणतो," ते म्हणाले, "कॅमेऱ्याशिवाय घ्या."

आता कॅमेऱ्याशिवाय फोटो म्हटल्यावर तुम्ही हसाल. पण फोटोची सुरुवात बरीचशी तशीच झाली. १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन हर्शेल नावाच्या शास्त्रज्ञाने लोखंडाचे क्षार लावलेल्या कागदावर उन्हाने निळे चित्र उठवण्याची रीत शोधली. तिला सायनोटाइप म्हणतात. पुढे घरांचे, यंत्रांचे नकाशे याच रीतीने छापू लागले आणि निळे दिसतात म्हणून त्यांना ब्ल्यूप्रिंट हे नाव पडले. पण हर्शेलच्या पुढच्याच वर्षी, १८४३ मध्ये, ॲना ॲटकिन्स नावाच्या बाईने समुद्रशेवाळी अशा कागदावर ठेवून, उन्हात त्यांचे छाप घेऊन पुस्तक काढायला सुरुवात केली. फोटोंनी सजलेले जगातले पहिले पुस्तक ते हेच मानतात, आणि त्यात कॅमेरा कुठेच नाही! आपल्याकडेही हे वेड फार उशिरा आले असे नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफीची संस्था निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळात या नव्या कलेत रस घेणाऱ्यांपैकी होते.

महिनाभर मी गच्चीवर प्रयोग केले. दोन पावडरी लागतात. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड. पहिली पंचवीस ग्रॅम आणि दुसरी दहा ग्रॅम, वेगवेगळ्या शंभर-शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवायच्या आणि कागदाला लावायच्या वेळी समभाग एकत्र करायच्या. दुसरीचे नाव ऐकून सासूबाई घाबरल्या. "सायनाइड? घरात?" त्यांना समजावले, की हा त्यातला जहाल प्रकार नव्हे, मात्र तोंडात जाऊ द्यायचा नाही, तापवायचा नाही, त्यात ॲसिड मिसळायचे नाही, हातात मोजे घालायचे. तरी त्या महिन्यात माझ्या हातचा चहा त्या जरा जपूनच प्यायल्या! यांच्या बँकेत जायच्या शर्टावर एक निळा डाग पडला. साबणाने धुतला तर निळ्याचा पिवळा झाला. मी चरफडत शर्ट फडक्यांत टाकला आणि विसरून गेले. हा शर्ट लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम आहे.

शिबिराला अठरा मुले आली. तेरा ते सोळा वर्षांची, म्हणजे ज्यांना घरात कोणाचेच पटत नाही त्या वयाची. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे मोबाइल वेताच्या टोपलीत जमा केले. एकजण म्हणाला, "बाई, फोटोच्या शिबिरात फोन नाही?" मी विचारले, "तुझ्या फोनमध्ये किती फोटो आहेत?" तो अभिमानाने म्हणाला, "चार हजार." "त्यातला कालचा एक आठव आणि पाटीवर काढून दाखव." त्याला आठवेना. मग सगळेच हसले आणि काम सुरू झाले.

पहिल्या दिवशी हळद. ही कृती तुम्हीही घरी करून पाहा, म्हणून सविस्तर देते. चार चमचे हळद अर्धी वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये ढवळून अर्धा तास ठेवावी. स्पिरिट पेट घेते, तेव्हा हे काम गॅसपासून लांब करावे. फडक्याने गाळून ते पाणी जाड ड्रॉइंग पेपरवर कापसाने सारखे लावावे आणि कागद कपाटात, अंधारात वाळवावा. मग असाच आणखी एक हात द्यावा. वाळलेल्या कागदावर पिंपळाचे किंवा नेच्याचे पान, जाळीचे कापड, काहीही ठेवून वर फोटोच्या फ्रेमची काच दाबावी आणि कडक उन्हात ठेवावे. मे महिन्यात एकदोन तासांत उघडा भाग फिका पडतो आणि पानाखालचा पिवळाच राहतो. मग वाटीभर पाण्यात चमचाभर टाकणखार विरघळवून कागदावरून ब्रशने फिरवावा. पान विटकरी-लाल होऊन उठून दिसते. मुलांना वाटले जादू! पण आपल्याला माहीत आहे, हळदीत चुना मिसळून कुंकू करतात त्यातलीच ही गोष्ट. मात्र हे चित्र पक्के नसते. उजेडात ठेवले तर हळूहळू उडते, म्हणून वहीत मिटून ठेवावे.

दुसऱ्या दिवसापासून निळे कागद. संग्रहालयातल्या वस्तूंना हात लावायचा नव्हता. म्हणून मुलांनी अडकित्त्यांचे, समयांचे आकार बघून काळ्या कागदातून कापले. घरून बांगड्या, चाळणी, सोऱ्याच्या चकत्या आणल्या. कागदावर वस्तू मांडायच्या, दहा मिनिटे ऊन द्यायचे, कागद पिवळट-हिरव्याचा करडा झाला की पाण्यात बुडवायचा. पाण्यात जाताच करडा धुऊन जातो आणि गर्द निळ्यावर पांढरी चाळणी उभी राहते. अठरा मुले टबाभोवती वाकलेली, आणि कोणाच्याही तोंडून शब्द नाही. आमच्याकडे मे महिन्यात पाणी दिवसाआड येते, तेव्हा दोनच टब पाण्यात सगळ्यांचे भागवायचे होते. कागदही मोजके. प्रत्येकाला चार. मी बजावून सांगितले होते, "नीट विचार करून वापरा. वाया घालवू नका."

या मुलांत नववीतली एक मुलगी होती. दोन वेण्या, बोलणे कमी. पहिल्याच दिवशी तिने मला विचारले होते, "बाई, माडीवरच्या जाळीची भोकं चौकोनी आहेत, मग जमिनीवरचे कवडसे गोल कसे?" मी हळद गाळत होते. म्हटले, "मग सांगते." आणि सांगायचे राहून गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाकीची मुले अंगणात होती आणि ही माडीवर. पूर्वेच्या लाकडी जाळीतून जमिनीवर ऊन पडते, तिथे तिने कागद मांडले होते. एक नाही, तीन! त्यांवर वस्तू काहीच नाही. थोड्या वेळाने ती ते धुवायला खाली घेऊन आली. पहिल्यावर लांबट ठिपके. दुसऱ्यावर नुसते फरफटल्यासारखे पट्टे. तिसऱ्यावर तर सगळे एकात एक मिसळलेले. मी घाईत होते, दोन मुले पाण्यावरून भांडत होती. मी म्हटले, "अगं, हे काय केलंस? कागद हलला की. चारातले तीन घालवलेस ना?" आणि त्यातला सर्वात खराब दिसणारा, मधला, मी तिच्या हातून घेतला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. सगळ्यांसमोर.

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

"कंटाळली असेल," मी मनाशी म्हटले. दुपारी मुले गेल्यावर कागद आवरत होते, तेव्हा तिचे उरलेले दोन हाती लागले. सहज उलटे केले. मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिले होते. एकावर '१. ९.०५ ते ९.१०'. दुसऱ्यावर '३. ९.०५ ते ९.५०'. आणि खाली एक ओळ, 'कवडसा चालतो का?'

मैत्रिणींनो, मी तिथेच जमिनीवर बसले. कागद हललाच नव्हता. हलले होते ते ऊन! पाच मिनिटांत कवडसे जरासे लांबले आणि पाऊण तासात त्यांचे पट्टे झाले. सूर्य चालतो आणि त्याच्याबरोबर कवडसा चालतो, हे त्या मुलीने कागदावर धरून ठेवले होते. तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच होते. जाळीचे भोक लहान असले आणि जमीन लांब असली, की पडतो तो भोकाचा आकार नव्हे, सूर्याचाच आकार. म्हणून कवडसा गोलसर. ग्रहणाच्या दिवशी झाडाखाली कोरीसारखे कवडसे पडतात ते याचमुळे. मी तिला शिकवायला बसले होते, पण शिबिराचा खरा प्रयोग तिने एकटीने केला होता. आणि त्यातला मधला कागद मी केरात घातला होता.

टोपली रिकामी होती. संग्रहालयात झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारले, तर त्या म्हणाल्या, "निळा कागद? चांगला जाड होता म्हणून मोरीतल्या फळीवर अंथरला की." धावत मोरीत गेले. कागद होता, पण त्यावर कपड्याच्या साबणाची ओली वडी! वडी उचलली तर तेवढ्या भागातला निळा रंग पार उडालेला, पिवळट चौकोन तेवढा उरलेला.

संध्याकाळी तो कागद घेऊन तिच्या घरी गेले. जाताना पाय जड झाले होते. तिची आई शेवयांच्या मशीनवर होती. हात पुसत म्हणाली, "बाई, तिला काही झालं का तिथे? विचारलं तर म्हणते, आता बास, पुढं दहावीच आहे." मी झाले ते सगळे सांगितले. मुलगी दारामागे उभी होती. मी तिला म्हटले, "चुकलं माझं. मी मागे बघितलंच नाही."

तिने विचारले, "बाई, तुम्हाला खरंच तो खराब वाटला?"

खोटे बोलावेसे वाटेना. "हो, वाटला."

"मलाही तुम्ही टाकल्यावर तसंच वाटलं," ती म्हणाली.

तिचे ते वाक्य मला लागले. शंभर कागद वाया घालवले म्हणून दाराबाहेर काढलेली मी. मीही त्या दोन वर्षांत असेच समजत होते, की आपल्याला यातले काही कळत नाही. आणि आज मीच तिला दाराबाहेर काढून आले होते. रागाने नव्हे, नुसत्या घाईने!

मग तिची नजर पिवळ्या चौकोनावर गेली. "हे कशानं झालं?" मी साबणाचे सांगितले आणि सांगता सांगता मला यांचा शर्ट आठवला. तिथेही निळ्याचा पिवळाच झाला होता की! साबणातल्या क्षाराने तो निळा रंग मोडतो. मी डाग बघून चरफडले होते, हिने लगेच विचारले, "मग धुण्याच्या सोड्यानं पण होईल?"

शेवटच्या दिवशी आम्ही तेच केले. पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकून त्यात निळे चित्र बुडवले, की काही क्षणांत ते फिकट पिवळे पडते. ते स्वच्छ पाण्यात धुऊन अर्धा तास बिनदुधाच्या कडक चहात ठेवले, तर गर्द तपकिरी-काळे होऊन परत उमटते! कागदात लोखंड असते आणि चहात तुरट द्रव्य. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो ना, तसेच. मुलांना मी हे कढईचेच उदाहरण दिले. सोळा वर्षांचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे आईला हे सगळं आधीच माहीत आहे!" खरेच आहे. आपल्याला माहीत असते, फक्त त्याला शास्त्र म्हणायची आपल्याला सवय नाही.

संध्याकाळी ओसरीवर दोऱ्या बांधून सगळी चित्रे चिमट्यांनी लावली. आईवडील आले. मी अण्णांनाही बोलावले होते. काठी टेकत ते एकेका चित्रापाशी थांबत होते. त्या मुलीचे तीन कागद एका ओळीत होते, साबणाच्या डागासकट. अण्णांनी तिला विचारले, "एक्स्पोजर किती दिलंस?"

"पाच, पंधरा आणि पंचेचाळीस मिनिटं," तिने ताठ मानेने सांगितले.

"आणि मधला कोणी बिघडवला?"

तिने माझ्याकडे बघितले. मी म्हटले, "मी, अण्णा. केरात टाकला होता."

अण्णा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "शंभराचं पाकीट होतं ते. त्या वेळी मला फार महाग वाटलं होतं." आणि थोडे थांबून, "काय बघायचं होतं गं तुला?"

पंचवीस वर्षांनी त्यांनी विचारले. मी सांगितले, "कागदात चेहरा कुठे लपलेला असतो ते." ते काही बोलले नाहीत. पण परत जाताना त्यांनी त्या मुलीला जुना लाल दिवा देऊ केला. माळ्यावर अजून पडला होता म्हणे.

आपण घरी हेच करतो, नाही का? माझा सातवीतला मुलगा परवा कणकेत बीट किसून घालत होता. हात पुढे झालाच होता माझा. कणीक वाया जाणार, ओटा रंगणार, सगळे डोळ्यांपुढे आले. आपलाही काही इलाज नसतो. महिन्याचे गणित आपल्याला बसवायचे असते, कागद काय आणि कणीक काय, मोजूनच वापरावी लागते. सगळेच वाया घालवू द्या, असे मी म्हणणार नाही. मलाही ते परवडत नाही. पण आधी विचारायचे, काय बघायचंय तुला? तेवढे तर फुकट असते. मुलगा म्हणाला, "पोळी भाजल्यावर रंग राहतो का ते." राहिला थोडासा. पोळ्या आम्ही खाल्ल्या.

आणि आता मुलांच्या टेबलावरचा कुठलाही कागद केरात टाकण्याआधी मी तो उलटून बघते.